हॅव्हिकचं एक मत

क्रॅनशॉ घराण्याचा पैसा हॅव्हिकमध्ये राहतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पाहिला मात्र कुणी नव्हता. राहायचा तो मेन स्ट्रीटवर, चपलांच्या बंद पडलेल्या दुकानाच्या वरच्या खोलीत. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक फोन आणि दारावर पितळी पाटी. आता खरा पैसा काही त्या टेबलाच्या खणात नव्हता. तो न्यूयॉर्कात, लंडनात, देव जाणे कुठे कुठे हिंडत असेल. पण कायद्यानं त्याचा पत्ता हाच. कारण साउथ डकोटा राज्य असल्या पैशावर कर घेत नाही, आणि इथे मांडलेला ट्रस्ट कधी मरत नाही. आजोबा मरतात, नातू मरतो, नातवाचा नातू मरतो, पैसा आपला ठणठणीत! गावातली माणसं मात्र वेळच्या वेळी मरत होती, आणि उरलेली गाव सोडून जात होती.

या पैशाची शेजारीण म्हणा, राखणदार म्हणा, ती आर्डिस टॉलेफसन. साठी उलटलेली, नवरा गेलेला, आयुष्य शाळेच्या ऑफिसात खर्ची पडलेलं. शाळा शेजारच्या गावाच्या शाळेत विलीन झाली आणि आर्डिस घरी बसली, तेव्हा क्रॅनशॉंच्या डॉर्सी पेल नावाच्या वकिलानं तिला हे काम दिलं. आठवड्यातून दोनदा खोली उघडायची, टपाल घ्यायचं, खिडकीतल्या झाडाला पाणी घालायचं. आणि वर्षातून एकदा मत द्यायचं.

त्या मतासाठीच तर सगळा खटाटोप. ट्रस्ट खरोखर इथलाच आहे, नुसता नावापुरता नाही, हे क्रॅनशॉंच्या राहत्या राज्यातल्या करवाल्यांना पटवायचं, तर ट्रस्टच्या समितीत एक तरी माणूस इथला रहिवासी हवा, सभा याच मातीवर व्हायला हवी आणि ठराव एकमतानं व्हायला हवा. पेलनं नेमतानाच तिला बजावलं होतं, "तुमचं मत खरं मत आहे हं, मिसेस टॉलेफसन. कुणी विचारलं तर तसंच सांगायचं." आर्डिसला तेव्हा त्याचा थोडा अभिमानही वाटला होता. आजवर तिनं प्रत्येक ठरावाला हो म्हटलं होतं. नाही म्हणण्यासारखं तिच्यापर्यंत काही आलंच नव्हतं.

यंदा आलं.

गावातल्या हॉस्पिटलनं उन्हाळ्यात जाहीर केलं की नाताळापासून बाळंतपणं बंद. परवडत नाही. हात मोडला तर या, छातीत दुखलं तर या, पण मूल व्हायचं असेल तर सू फॉल्सला जा. सू फॉल्स शहर गाडीनं दोन तासांवर, तेही रस्ता चांगला असेल तर. जानेवारीत बर्फाचं वादळ आलं की हायवेचं फाटक पाडून रस्ता बंद करतात आणि मग राष्ट्राध्यक्ष आला तरी पलीकडे जात नाही. आर्डिसची एकुलती एक मुलगी ब्रेना जानेवारीत बाळंत व्हायची होती. पहिलटकरीण, त्यात रक्तदाब चढलेला. डॉक्टर म्हणाला होता, शेवटचा महिना हॉस्पिटलपासून लांब राहू नका. सांगायला त्याचं काय जातं! जावई ट्रेंट इथेनॉलच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, आणि त्या शिफ्टाही आताशा कमी झाल्या होत्या. महिनाभर सू फॉल्सला खोली घेऊन राहायचं म्हणजे त्यांच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

"तुझ्या त्या लोकांना विचार की," मार्लिस एका रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता म्हणाली. मार्लिस बाळंतपणाच्या वॉर्डातली नर्स. निम्म्या गावाला तिनंच पहिला हात लावलेला.

"माझे कुठले लोक?"

"तेच गं. ज्यांच्या पैशाच्या झाडाला तू पाणी घालतेस."

"मार्लिस, काहीतरीच काय!"

"काहीतरी कसं? दोन नर्सा आणि एक डॉक्टर, वर्षभराचा खर्च. त्यांच्या एका बोटीचं पेट्रोल असेल तेवढं. नाताळानंतर बाळंत व्हायच्या अकरा पोरी आहेत माझ्या वहीत आर्डिस, तुझी धरून. विचारायला काय पैसे पडतात?"

आर्डिसनं तेव्हा नुसती मान हलवली. पण ती गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. लोकांपुढे हात पसरायची तिला सवय नव्हती. तिच्या माहेरी तर शेजाऱ्याकडून साखर आणली तरी दुसऱ्या दिवशी चमचाभर जास्तच परत जायची. पण ब्रेनाचे सुजलेले पाय बघितले की तिला ते हायवेचं फाटक दिसायचं. शेवटी तिनं ठरवलं, विचारायचं.

सभा दर वर्षी ऑक्टोबरात, फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला की. म्हणजे खरं कारण शिकार, सभा वाटेत. क्रॅनशॉंचं विमान हॅव्हिकच्या छोट्या धावपट्टीवर उतरायचं, तिथल्याच बैठ्या खोलीत पटापट सभा उरकायची आणि मंडळी बंदुका घेऊन रानाकडे. गेल्या साली तर पाऊस होता म्हणून सभा विमानातच झाली, शिडीसुद्धा उतरले नाहीत. विमान हॅव्हिकच्या डांबरावर उभं होतं, तेवढं कायद्याला पुरलं.

यंदा आर्डिसला ट्रेंटनं आपल्या पिकअपमधून सोडलं. त्याला तसंही तिकडेच जायचं होतं. हंगामात तो शिकारीच्या लॉजसाठी कुत्रे सांभाळायचा, आणि आज कुत्रे क्रॅनशॉंसाठीच न्यायचे होते. मागे पिंजऱ्यात तीन लॅब्रॅडॉर नुसते नाचत होते.

"आई, जास्त ताणू नका हं," तो म्हणाला. "मोठी माणसं आहेत."

"मी कशाला ताणतेय? नीट विचारणार आहे."

"नीटच विचारा. मला दिवसभर त्यांच्याबरोबर चालायचंय."

"बरं बाबा," आर्डिस म्हणाली आणि मांडीवरचा डबा सावरत उतरली. डब्यात तिनं केलेल्या पीनट बटरच्या वड्या होत्या, वर चॉकलेट. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, ही तिच्या गावची रीत.

आत मंडळी येऊन बसली होती. टेबलाच्या टोकाला मिसेस क्रॅनशॉ. वय ऐंशीच्या पुढे, पण सगळे तिला बिट्सी म्हणायचे. अंगात कोपराला फाटलेलं, वडिलांच्या वेळचं शिकारीचं जाकीट. आर्डिसनं मात्र खास आजच्यासाठी नवा कोट घेतला होता, आणि त्या खोलीत नवं काही दिसत असेल तर तो कोटच. फाटकं घालून मिरवायलाही पैसा लागतो; आर्डिसनं फाटकं घातलं असतं तर लोकांनी कपडे गोळा करून घरी आणून दिले असते. बिट्सीच्या शेजारी तिचा नातू विन, तिशी-पस्तिशीचा, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर झोप. आणि डॉर्सी पेल, घड्याळाकडे बघत.

"अगं आर्डिस! वड्या आणल्यास? किती गोड आहेस तू!" बिट्सी म्हणाली आणि डबा न उघडता बाजूला सरकवला. "विन, फोटो दाखव ना आर्डिसला."

विननं फोन पुढे केला. सहा आठवड्यांचं गोरंगोमटं बाळ, मुठी आवळून झोपलेलं. "ऑगस्टस क्रॅनशॉ चौथा," विन हसत म्हणाला. "आम्ही गस म्हणतो. अजून त्याला याहून मोठं नाव पेलत नाही."

"देखणा आहे हो," आर्डिस मनापासून म्हणाली. बाळ ते बाळ. त्याचा काय दोष?

"आजचा ठराव त्याचाच," पेल म्हणाला. "एकच विषय आहे, दोन मिनिटांत मोकळे होऊ. गसच्या नावानं मूळ ट्रस्टमधून वेगळा वाटा काढायचा. तो, त्याची मुलं, त्यांची मुलं, पुढे कायम. सगळ्यांची संमती आहे असं धरू?"

"एक मिनिट," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मला आधी एक विचारायचं होतं."

पेलनं पेन खाली ठेवलं. आर्डिसनं सगळं सांगितलं. वॉर्ड, नाताळ, हायवेचं फाटक, मार्लिसच्या वहीतल्या पोरी. ब्रेनाचंही सांगितलं, पण शेवटी, थोडक्यात. घरी आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं होतं.

बिट्सीनं पुढे वाकून तिचा हात हातात घेतला. "अगं बाई, काय हे! किती भयंकर! या देशात असं व्हावं?" तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. आर्डिसला क्षणभर वाटलं, झालं काम.

"विन, आपल्या फाउंडेशनचं काय रे?" बिट्सीनं विचारलं.

विन ओशाळला. "आजी, फाउंडेशन फक्त आपली मुळं आहेत त्या गावांना देतं. कनेक्टिकट आणि मेन राज्यातलं आपलं बेट. नियम तुझाच आहे."

"हो, खरंच की! नाहीतर सगळीकडून मागायला येतात ना."

"पण तुम्ही इथलेच आहात ना?" आर्डिस म्हणाली. "म्हणजे, पैसा इथला आहे ना? मी दर वर्षी तसंच तर म्हणते."

पेल खाकरला. "ती कायदेशीर बाब आहे, मिसेस टॉलेफसन. वेगळी गोष्ट आहे."

"आणि तसं आपण या विषयावर खूप करतोय हं आर्डिस," बिट्सी घाईघाईनं म्हणाली. "आपण एका विद्यापीठाला मोठी देणगी दिली आहे. लहान गावातली, गरिबाघरची मुलं पुढे का जात नाहीत, यावर तिथे मोठमोठे प्राध्यापक अभ्यास करतायत. काय ते विन, त्याचा तक्ताही पाठवला होता बघ त्यांनी, शिडीसारखा."

"पुढे जायला आधी नीट जन्माला यावं लागतं, मिसेस क्रॅनशॉ."

हे तोंडातून कसं निघालं ते आर्डिसचं आर्डिसलाच कळलं नाही. बिट्सीनं हात सोडला. रागानं नाही; असं काही कानावर आलं की तिच्या घरातली माणसं खिडकीबाहेर बघतात. बाहेर कुत्रे भुंकत होते.

"उशीर होतोय," विन हळूच म्हणाला.

"तर ठराव," पेल म्हणाला. "मिसेस क्रॅनशॉ?"

"हो."

"विन?"

"हो."

"मिसेस टॉलेफसन?"

टेबलावर विनचा फोन अजून उजळलेला होता, त्यात ते बाळ. पोराच्या हक्काच्या आड आपण येतोय, असं आर्डिसला वाटलं आणि शरम वाटली. मग तिला वाटलं, याचा जन्म कुठे झाला असेल? फुलं ठेवलेल्या खोलीत, चार डॉक्टर उशाशी. आणि माझी पोर काय पिकअपच्या मागच्या सीटवर, बर्फात, बंद फाटकासमोर?

"नाही," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणाले. माझं मत नाही. वॉर्डाचं एक वर्ष भागवा, मी हो म्हणते. एका वर्षाचं मागतेय हो मी, कायमचं नाही!"

विन हसला, मग ती थट्टा करत नाहीये हे बघून थांबला. "ती असं करू शकते?" त्यानं पेलला विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतं मिस्टर पेल," आर्डिस म्हणाली. "खरं मत आहे म्हणून."

"आहेच," पेल शांतपणे म्हणाला. त्याला राग वगैरे काही आला नव्हता, आणि आर्डिसला भीती वाटली ती त्याचीच. "मत खरंच आहे. फक्त समितीतला स्थानिक माणूस केव्हाही बदलायचा अधिकार माझ्याकडे आहे. नेमणुकीच्या वेळी तुम्ही ते मान्य केलं होतं. मी आत्ता तो वापरतो. आजवर तुम्ही केलंत त्याबद्दल मनापासून आभार." मग तो खिडकीशी गेला. "तो कुत्र्यांचा माणूस इथलाच ना?"

आर्डिसला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पेल दाराबाहेर पडला होता. काचेतून तिला दिसत होतं: पेलचा कोट वाऱ्यानं फडफडतोय, ट्रेंट पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकतोय, टोपी काढतोय, परत घालतोय. पेल बराच वेळ बोलला. आत बिट्सी म्हणाली, "आर्डिस, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. आमच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही." आणि ते खरं होतं. तिच्याबद्दल त्यांच्या मनात खरोखरच काही नव्हतं.

ट्रेंट आत आला, टोपी हातात, बुटांना चिखल. आर्डिसकडे न बघता भिंतीला टेकून उभा राहिला.

"मिस्टर होफर, तुम्ही या राज्याचे रहिवासी आहात?" पेलनं ट्रेंटला विचारलं.

"हो सर. जन्मापासून."

"समितीवर यायला तयार आहात?"

"ट्रेंट," आर्डिस म्हणाली. "अरे, मी कशासाठी नाही म्हटलं ते तरी विचार! वॉर्डासाठी. तुझ्याच बायकोसाठी रे!"

ट्रेंटनं आता तिच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. "माहीत आहे, आई. त्यांनी सांगितलं." मग तो पेलकडे वळला. "हो. तयार आहे."

"ठराव गसच्या वाट्याचा. तुमचं मत?"

"हो," ट्रेंट म्हणाला.

"एकमतानं मंजूर," पेल म्हणाला. विन उठलाही होता. बिट्सीनं ट्रेंटचा हात हातात घेऊन त्याचं कुटुंबात स्वागत केलं, आणि कुत्र्यांची नावं विचारली. तीनही नावं तिनं नीट लक्ष देऊन ऐकली.

आर्डिस बाहेर जाऊन पिकअपमध्ये बसली. एवढ्या वाऱ्यात चालत गावात जाणं शक्य नव्हतं. आणि रागानं तरातरा निघून जायलाही माणसाकडे स्वतःची गाडी लागते. थोड्या वेळानं ट्रेंट येऊन स्टिअरिंगवर बसला. त्यानं गाडी चालू केली नाही.

"बोला," तो म्हणाला. "काय बोलायचं ते बोलून घ्या."

"लाज नाही वाटली?"

"वाटली."

"एक वर्ष रे! एका वर्षासाठी अडवलं होतं मी त्यांना. आणखी थोडं ताणलं असतं तर..."

"तर काय? मी नाही म्हटलं असतं तर त्या धावपट्टीवर झाडू मारणाऱ्याला आत नेला असता. तो नाही म्हटला असता तर आणखी कुणाला. आई, अख्ख्या गावात नाही म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच निघाला असता." त्यानं नाक पुसलं. "तुम्हाला देत होते त्याच्या दुप्पट देणार आहेत. वर्षाचे आगाऊ, आजच. मी मागितले, त्यानं लगेच हो म्हटलं. डोळ्याची पापणी हलली नाही त्याची."

आर्डिस नव्या कोटाची बटणं लावत बसली.

"नाताळ झाला की ब्रेनाला सू फॉल्सला नेतो," ट्रेंट म्हणाला. "महिन्याभरासाठी खोली घेतो. तुम्ही जा तिच्याबरोबर. भागतं त्यात. मी हिशेब केलाय."

"आणि बाकीच्या पोरी?"

"त्यांचं त्यांच्या घरचे बघतील ना."

आर्डिसला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. आत बसलेली ती म्हातारी तरी दुसरं काय म्हणाली होती? आपल्या गसचं आपण बघायचं, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ट्रेंट खोली म्हणाला त्याच क्षणी तिच्या आत जे काही सैल झालं होतं ते तिला कळलं होतं. आपली पोर सुटली. सगळ्यात आधी तिच्या मनात तेच आलं होतं. मार्लिस नंतर आली, बाकीच्या पोरी त्याहून नंतर. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

समोरून क्रॅनशॉ मंडळी खांद्यावर बंदुका टाकून गाड्यांकडे चालली होती. विननं ट्रेंटला हात केला. ट्रेंटनं गाडी चालू केली.

"मार्लिसला सांगणार आहात?" त्यानं विचारलं.

आर्डिसनं सीटचा पट्टा ओढून लावला.

"खोली हॉस्पिटलच्या जवळच बघ," ती म्हणाली. "चालत जाता येईल अशी."